ईयोबाच्या मित्रांनो, आता पुरे

आपल्या मंडळीत कुणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, की तिसऱ्या दिवसापासून त्या घरात एक वाक्य फिरू लागतं. "देवाची काहीतरी योजना असेल." हे वाक्य बोलणारा माणूस सहसा भला असतो. त्याने शवपेटीला खांदा दिलेला असतो, कबरीत मूठभर माती टाकलेली असते, बाहेरगावच्या पाहुण्यांना स्टँडवरून घेऊनही तोच आलेला असतो. आणि मग सगळं नीट पार पडल्यावर तो खुर्चीवर टेकतो आणि देवाची बाजू मांडायला लागतो. जणू देवावर खटला भरला आहे आणि वकीलपत्र याच्या खिशात आहे.

या वकिलांचा आता वीट आला आहे.

त्यांचं म्हणणं काय, ते आधी त्यांच्याच भाषेत मांडतो, म्हणजे विपर्यास केला असं कुणी म्हणायला नको. खरा विश्वासणारा दुःखाने मोडत नाही. मोडलाच तर लवकर सावरतो. "माझ्याच वाट्याला का?" असं विचारणं ही कुरकुर आहे, आणि कुरकुर करणाऱ्या इस्राएलांचे सांगाडे अरण्यात पडले. राग हे पाप, आणि मनात कडूपणा धरणं त्याहून मोठं पाप. तेव्हा ज्याने घात केला त्याला आजच्या आज क्षमा कर, म्हणजे बरा होशील. बरा झालास की उपासनेत उभा राहून साक्ष दे, म्हणजे इतरांचा विश्वास वाढेल. आणि बरा होत नसशील तर गुडघ्यांवर जाऊन स्वतःला तपास, तुझ्या विश्वासातच कुठेतरी खोट असणार.

हे सगळं गोड आवाजात, डोक्यावर हात ठेवून सांगितलं जातं. त्यामुळे ते किती क्रूर आहे हे चटकन लक्षात येत नाही. ज्या बाईचा तरणाबांड मुलगा महामार्गावर ट्रकखाली गेला, तिला आधी मुलगा नाही. आता तिला सांगितलं जातं की तिच्यापाशी पुरेसा विश्वासही नाही. एका घरात दोन मयती. सांत्वनाला आलेल्यांनी दुसरी घडवून आणलेली.

क्रूर असूनही हे मत शास्त्राला धरून असतं, तर ख्रिस्ती माणसाला मान खाली घालून ऐकून घ्यावं लागलं असतं. पण शास्त्र उघडून पाहिलं की हे वकील फार वेळ उभे राहू शकत नाहीत.

ईयोबापासून सुरुवात करू, कारण सांत्वनाच्या प्रार्थनेत पहिलं नाव त्याचंच येतं. ईयोबाची गोष्ट आपल्याला पाठ आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात आपल्याला पहिले दोन अध्याय आणि शेवटचा एक ठाऊक असतो. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं उठली, ईयोबाने धीर धरला, देवाने दुप्पट दिलं. मधले एकोणचाळीस अध्याय कुणासाठी लिहिले आहेत? त्यांत हा धीराचा पुतळा स्वतःच्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, देवाला समोरासमोर जाब विचारायची भाषा करतो, एकदा तर मला थुंकी गिळण्यापुरती तरी उसंत दे असं देवाला सुनावतो. त्याचे मित्र एलीफज, बिल्दद आणि सोफर आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. आठव्या दिवसापासून त्यांची तोंडं उघडली. देव न्यायी आहे, तुझं काहीतरी चुकलं असेल, पश्चात्ताप कर, सगळं सुरळीत होईल. यातलं एकेक वाक्य आजही व्यासपीठावरून बोललं तर मागच्या बाकापासून 'आमेन' येईल.

आणि शेवटच्या अध्यायात देव कुणावर रागावतो? ईयोबावर? एलीफजाला तो स्पष्ट सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला आणि तुम्ही बोलला नाहीत. ज्याची ते वकिली करत होते त्या अशिलानेच त्यांचं वकीलपत्र फाडलं. वर त्यांच्या सुटकेसाठी प्रार्थना कुणी करायची, तर त्या ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या, राखेत बसलेल्या ईयोबाने. आपल्या सांत्वनसभांत हा भाग कधी वाचलेला कुणी ऐकला आहे का?

यावर हुकमाचं पान म्हणून इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय काढला जातो. कडूपणाचं मूळ वाढू देऊ नका, त्याने पुष्कळ जण भ्रष्ट होतात. या वचनाने मंडळीतल्या किती विधवांना गप्प केलं असेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आता ही भाषा पत्रलेखकाने घेतली कुठून ते पाहा. अनुवादाच्या एकोणतिसाव्या अध्यायात विषारी, कडू फळ देणाऱ्या मुळाबद्दल मोशे बोलतो, आणि तिथे तो माणूस कोण आहे? देवाकडे पाठ फिरवून दुसऱ्या दैवतांमागे गेलेला, कराराचे शाप कानांनी ऐकूनही 'मला काही होत नाही, माझं सगळं छान चाललं आहे' असं मनातल्या मनात स्वतःला सांगणारा. म्हणजे मूळ उताऱ्याचा रोख निर्ढावलेल्या, सुखासीन माणसावर आहे. आपण तो उचलून लेकरू पुरून आलेल्या आईवर फेकतो.

इफिसकरांच्या पत्रात सर्व कडूपणा टाकून द्या असं लिहिलं आहे, हे मान्य. पण त्याच्या पाचच वचनं आधी रागवा, पण पाप करू नका असंही लिहिलं आहे. आणि कडूपणाच्या पाठोपाठ तिथे ओरडाआरडा नि निंदानालस्तीची नावं येतात. तो सगळा उतारा मंडळीतल्या लोकांनी एकमेकांशी कसं वागावं याविषयी आहे. पंच कमिटीच्या निवडणुकीआधी तो मोठ्याने वाचून दाखवायला माझी मुळीच हरकत नाही.

नामीची गोष्ट घ्या. मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून ती बेथलेहेमला परतते, तेव्हा वेशीवरच्या बायकांना ती तोंडावर सांगते की मला जुन्या नावाने हाक मारू नका, सर्वसमर्थाने माझं आयुष्य कडू करून टाकलं आहे. कडूपणाची याहून उघड कबुली दुसरी कुठली? तिला कुणी उपदेश केल्याची नोंद नाही. सून रूथ शेतात सातूची कणसं वेचायला गेली आणि संध्याकाळी धान्य घेऊन घरी आली. रूथने सासूला वचन ऐकवलं नाही, जेवायला घातलं. पुढचा सगळा इतिहास, दाविदापर्यंतचा आणि त्यापुढचाही, त्या धान्यातून उगवतो.

"तुम्ही वाईट योजलं, देवाने चांगलं योजलं" या अर्थाचं योसेफाचं वाक्य तर सांत्वनाला जाणाऱ्यांचं फारच लाडकं. ते वाक्य बोलायचा अधिकार कुणाचा होता? ज्याला खड्ड्यात टाकलं, विकलं, तुरुंगात सडवलं त्याचा. आणि तो ते बोलला मिसरात अनेक वर्षं काढल्यावर, बापाला मूठमाती दिल्यावर, त्याआधी भावांसमोर सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं रडून झाल्यावर. हेच वाक्य खड्ड्याच्या काठावर उभं राहून एखाद्या भावाने खाली योसेफाला ऐकवलं असतं तर? आपण बहुतेक वेळा खड्ड्याच्या काठावरूनच बोलत असतो.

प्रभूने स्वतः काय केलं ते तर सांगायलाच नको, तरी सांगावं लागतं. लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. काही मिनिटांत कबर रिकामी होणार होती. तरी तो रडला. मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता, असं त्याला सरळ सुनावलं. त्याने एकीलाही दटावलं नाही. आणि वधस्तंभावरून त्याने जी आरोळी मारली ती बाविसाव्या स्तोत्रातली, देवाने आपल्याला टाकलं म्हणून फोडलेली. आता आपल्या मताप्रमाणे त्यालाही विश्वासात कमी पडल्याबद्दल तपासायचं का?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला यासाठी पॅलेस्टाइनपर्यंत जायचीही गरज नाही. दौंडजवळचं केडगाव पुरेसं आहे.

पंडिता रमाबाईंचं चरित्र आपण व्यासपीठावरून तीन वाक्यांत उरकतो. फार दुःख भोगलं, ख्रिस्त भेटला, शांती मिळाली. या तीन वाक्यांत एकही तारीख नसते, आणि खोटेपणा तिथेच लपतो. म्हणून तारखा लावून पाहू. १८७४च्या सुमारास दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. भाऊ श्रीनिवासाबरोबर देशभर पायी हिंडत ती कलकत्त्याला पोचली, तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. १८८०मध्ये तो भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२च्या आरंभी पटकीने तेही गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, तर बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजच्या मठात राहत असतानाच आत्महत्या केली. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या तीन वाक्यांप्रमाणे इथे शांती मिळायला हवी. मिळाली का? बाप्तिस्म्यानंतर त्या बाई गप्प बसल्या नाहीत. ज्या सिस्टर जेरल्डिन यांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून, सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यावरून त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. मोठ्या कष्टाने इथल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं चढवून घ्यायची माझी तयारी नाही, असं त्यांनी रोखठोक कळवलं. आपल्या एखाद्या युवती संघात आज कुणी असं पत्र लिहिलं तर "बंडखोर आत्मा" म्हणून तिच्यासाठी उपास धरले जातील. आणि आपल्या आध्यात्मिक प्रवासाबद्दल १९०७ साली लिहिताना रमाबाईंनी स्वतःच नोंदवलं, की ख्रिस्ती धर्म हाती लागला तरी खुद्द ख्रिस्त सापडायला पुढे आठ वर्षं गेली. आठ वर्षं! दरम्यान त्यांनी अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला हलवलं. मनातली ती जागा रिकामीच राहिली आणि त्यांनी ती लपवली नाही. आपण लोकांना चाळिसाव्या दिवसापर्यंत मुदत देतो.

पुढचं आणखी महत्त्वाचं. बऱ्या झालेल्या माणसाला जुनं दुःख आठवू नये, अशी आपली समजूत. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई काय करत होत्या? ज्या भुकेने त्यांचं घर खाल्लं होतं, त्याच भुकेच्या प्रदेशात जाऊन त्या अनाथ मुली नि विधवा गोळा करून आणत होत्या. स्वतःच्या कुटुंबाच्या दुष्काळातल्या हालांची हकीकत त्यांनी याच सुमारास लिहून प्रसिद्ध केली. वीस वर्षांपूर्वीची जखम त्यांनी भर दुपारी उघडून दाखवली, कारण त्या मुलींना रस्त्यावरून उचलून आणायचं बळ तिथूनच येत होतं. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते या आठवणीवर. विसर पडला असता तर केडगावला आजही नुसतं माळरान दिसलं असतं.

आणि राग? तोही शाबूत होता. १८९७मध्ये पुण्यात प्लेगच्या काळात, सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत जे झालं त्यावरून त्यांनी प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराविरुद्ध वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं, गव्हर्नरला ते झोंबलं, याची त्यांनी पर्वा केली नाही. या बाईला कुणी इब्री पत्राचा बारावा अध्याय ऐकवायचा प्रयत्न केला असता, तर तो कुठल्या संदर्भातला आहे हे तिने मूळ भाषेतूनच सांगितलं असतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करायला ती बसलेली होती. त्या कामाच्या अखेरच्या टप्प्यात, १९२१मध्ये, एकुलती एक मनोरमाही गेली. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. दुप्पट परत मिळणं वगैरे त्यांच्या वाट्याला आलेलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण वेगळं आणि आपल्याला अडचणीचं आहे, कारण त्यांच्यावर कोसळलेला आघात ख्रिस्ती धर्माचाच होता. पती रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्यांनी रडून, चिडून, वेड लागायची वेळ येऊन, आणि शेवटी आपल्या डोक्याने विचार करून काढली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळं लख्ख आहे, आणि त्या पुस्तकाचा अभिमान वाहणारी मंडळी आपल्या सुनेला मात्र पाच आठवडेही देत नाही.

आता साक्षीबद्दल. साक्षीला माझा विरोध नाही. मागून घेतलेल्या साक्षीला आहे. होरेशियो स्पॅफर्डची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. १८७३मध्ये जहाज बुडालं, चार मुली गेल्या, बायको एकटी वाचली, आणि त्याने 'माझ्या जिवाला सर्व ठीक आहे' अशा अर्थाचं गीत लिहिलं. गोष्ट इथे थांबवली जाते. पुढे १८८०मध्ये त्याचा लहान मुलगाही वारला, तो आपल्या मंडळीपासून तुटला आणि १८८१मध्ये शिकागो सोडून यरुशलेमला निघून गेला, हे कुणी सांगत नाही. गीत खरं होतं आणि ते तुटणंही खरं होतं. आपल्याला फक्त पहिलं अर्धं हवं असतं. सी. एस. लुइस यांनी १९४०मध्ये दुःखाच्या प्रश्नावर नीटनेटकं, तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं. १९६०मध्ये पत्नी जॉय गेली, तेव्हा त्यांनी जे लिहिलं त्यात देवाविषयीची तक्रार इतकी उघडी होती, की १९६१मध्ये ते टोपणनावाने छापलं. श्रद्धेचा जगप्रसिद्ध कैवारी स्वतःच्या शोकाला स्वतःचं नाव लावायला कचरला. का बरं? वाचकांत ईयोबाचे मित्र किती आहेत याची त्याला कल्पना असणार.

क्षमेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिथे होतो. ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव आपण चाबकासारखं वापरतो. "बघ, त्या बाईने क्षमा केली, तुला का जमत नाही?" २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेले त्यांचे पती ग्रॅहम स्टेन्स आणि मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमथी, यांना जमावाने जिवंत जाळलं. ग्लॅडिसबाई म्हणाल्या, मी क्षमा केली आहे. ते ऐकून साऱ्या देशाची मान खाली गेली, माझीही गेली. पण त्या वाक्याची जबरदस्ती त्यांच्यावर कुणी केली नव्हती, ते त्यांचं होतं. त्या पुढे २००४पर्यंत बारीपाड्याला कुष्ठरोग्यांत राहिल्या. आणि त्या क्षमेने खटला थांबला नाही. या हत्येतला दोषी दारा सिंग याची जन्मठेप २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा आणि कायद्याची शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ग्लॅडिसबाईंनीही सांगितलेलं आहे. आपण मात्र क्षमेचा अर्थ फिर्याद मागे घेणं असा करतो. विशेषतः गुन्हेगार मंडळीतलाच असला, पगारी असला, वर्गणी देणारा असला, की क्षमेच्या उपदेशाला कसा उत्साह चढतो! लूकच्या शुभवर्तमानात भावाने अपराध केला तर आधी त्याला धमकाव असं प्रभू म्हणतो, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर असं पुढे म्हणतो. वाक्याचा पहिला भाग आपण खातो.

शास्त्रात एक बाई आहे, तिच्यावर प्रवचन झालेलं मी आजवर ऐकलेलं नाही. रिस्पा, शौलाची उपपत्नी. दावीद राजाने राजकीय तडजोड म्हणून शौलाच्या वंशातले सात जण गिबोनकरांच्या हवाली केले, त्यांनी त्या सातांना डोंगरावर टांगलं. त्यात रिस्पाचे दोन मुलगे होते. प्रेतं तशीच सोडून सगळे घरी गेले. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं, आणि सातूच्या कापणीच्या आरंभापासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत ती तिथे बसली. दिवसा पाखरं आणि रात्री श्वापदं तिने त्या प्रेतांना शिवू दिली नाहीत. ती एक शब्दही बोलल्याची नोंद नाही. तिने क्षमा केली की नाही, ठाऊक नाही. मनात कडूपणा होता का? नसता तर ती एक रात्रही तिथे काढू शकली नसती. कुणीतरी ही गोष्ट दाविदाच्या कानावर घातली. त्याने शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, टांगलेल्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि सगळ्यांना पुरलं. पुढचं वाक्य आपल्या वकिलांनी डोळे उघडून वाचावं: त्यानंतर देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली. सात जण टांगल्यावर ऐकली असं लिहिलेलं नाही. एका आईच्या शोकाला मान मिळाल्यावर ऐकली. दुसऱ्या शमुवेलचा एकविसावा अध्याय, घरी जाऊन पडताळून पाहा.

ही रिस्पा आज आपल्या मंडळीत असती, तर महिला संघाच्या चौघी जणी दुसऱ्या आठवड्यात डोंगरावर गेल्या असत्या आणि "ताई, आता सोडून दे, प्रभूवर टाक" म्हणून तिला खाली घेऊन आल्या असत्या. त्या चौघी घरी सुखरूप झोपल्या असत्या आणि डोंगरावर गिधाडं उतरली असती.

औषधाचं थोडक्यात सांगतो. नवरा गेल्यावर जी बाई सहा महिने झोपलेली नाही, जेवत नाही, तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं म्हटलं की "प्रार्थना कमी पडते आहे" हे ऐकायला मिळतं. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारलं, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! पाय मोडला की मिशन हॉस्पिटल, मन मोडलं की उपास-प्रार्थना, ही वाटणी कुणी केली? मला मरण दे म्हणून झाडाखाली आडवा झालेल्या एलीयाकडे देवाने दूत पाठवला. दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. डॉक्टर याहून वेगळी काय सुरुवात करतात?

आता पलीकडच्या बाकावर बसलेले आमचे बुद्धिवादी मित्र खूश झाले असतील. त्यांचं म्हणणं, श्रद्धा म्हणजे दुःखावरची गुंगी, आणि तुम्ही तेच सिद्ध केलंत. मला गंमत वाटते ती याची, की हे मित्र आणि आमचे सांत्वनकर्ते यांचं श्रद्धेच्या व्याख्येवर पूर्ण एकमत आहे. दोघांनाही ती वेदनाशामक गोळी वाटते. एक ती वाटतो, दुसरा ती घेणाऱ्याला हसतो. रमाबाई, रिस्पा, ईयोब यांच्यापैकी गुंगीत कोण होतं? गुंगीतला माणूस सरकारशी भांडत नाही, आठ वर्षं स्वतःच्या रिकामेपणाची नोंद ठेवत नाही, पावसाळ्यापर्यंत गिधाडं हाकत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेने माणूस कडूपणातून आणि निराशेतून बाहेर येतो हे मी मानतो. ठामपणे मानतो, आणि पाहिलेलंही आहे. पण तो कसा येतो? ओरडायला समोर कुणीतरी आहे, आणि तो ओरडण्याने पळून जाणार नाही, या भरवशावर येतो. सतराशे साठ वेळा तोच प्रश्न विचारून येतो. हाताला काम मिळून, ताटात अन्न पडून, शेजारी मुकाट बसणारं कुणी भेटून, वेळ पडली तर डॉक्टरांची गोळी घेऊन आणि कोर्टाची पायरी चढून येतो. काहींना वर्ष लागतं, काहींना रमाबाईंइतकी वर्षं लागतात. काही जण तसेच, प्रश्न हातात धरून कबरीत जातात, आणि त्यांचा विश्वास तुमच्या-माझ्यापेक्षा तसूभरही कमी नसतो. पुनरुत्थानानंतर प्रभूने थोमाला दाखवले ते घाव होते. मरणावर जय मिळवलेल्या शरीरावरही ते तसेच राहिले. मग आपण कुठल्या अधिकाराने लोकांकडून विनाव्रणाची कातडी मागतो?

तेव्हा मंडळीतल्या बंधूंनो आणि भगिनींनो, शोक झालेल्या घरी जरूर जा. जेवणाचा डबा न्या, लाईटबिल भरायचं राहिलं असेल तर भरून या, मुलांना शाळेत सोडा, इन्शुरन्सचे कागद समजत नसतील तर समजावून द्या. बसायचं असेल तर ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केलं तसं बसा, आणि आठव्या दिवशीही तोंड उघडू नका. त्या घरातली बाई देवाला बोल लावत असेल तर मध्ये पडू नका, ते दोघं बघून घेतील. आणि पाळकसाहेब, तुम्हाला एक विनंती. दफनविधीत आपण दरवेळी तेविसावं स्तोत्र वाचतो. पुढच्या वेळी घरच्यांना विचारून अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते अंधारात संपतं, त्यात शेवटी आशेची एकही ओळ नाही. तसंच वाचा, आणि वाचून झाल्यावर स्वतःची एकही ओळ त्याला जोडू नका.